शेजाऱ्यांचें ओझें

पट्टसिद्धान्त शिकवितांना वर्गांत निकेल ऑक्साइडचें नांव काढूं नये, असें आमचे एक स्नेही म्हणतात. विद्यार्थ्यांचा विश्वास उडतो म्हणे! आम्हांस हें पटत नाहीं.

सिद्धान्त सुबक आहे यांत संशय नाहीं. तांब्यांतून वीज कां वाहते व गंधकांतून कां वाहत नाहीं, याचा उलगडा त्यानें होतो. मात्र त्यांत प्रत्येक इलेक्ट्रॉन जणूं एकटाच प्रवासी. इतरांची दखल केवळ सरासरीनें. या हिशेबानें निकेल ऑक्साइड वाहक ठरावें. प्रत्यक्षांत तो हिरवा पदार्थ विजेला वाट देत नाहीं. डी बोअर व फेरवे यांनीं १९३७ सालीं ही विसंगति मांडली. इलेक्ट्रॉन परस्परांस दूर लोटतात, तेंच याचें मूळ, असें पायर्ल्स यांनीं त्याच वर्षीं सुचविलें. मॉट यांनीं १९४९ सालीं तो विचार पुढें नेला. पंगतींत प्रत्येक पाटावर एकेक पाहुणा बसला असतां दुसऱ्याच्या पाटावर कोण सरकणार? पंगत जागची हालत नाहीं.

परंतु वाट बंद होत नाहीं आणि शेजारीही सुटत नाहींत, अशीही एक अवस्था आहे. सिरियम व अॅल्युमिनियम यांच्या एका संयुगांत अतिशीत तपमानाला इलेक्ट्रॉन शेंकडों पट जड असल्यासारखे वागतात, हें १९७५ सालीं उष्णतेच्या मापनावरून दिसलें. तेथें कांहीं इलेक्ट्रॉन अणूला खिळलेले, कांहीं फिरते. खिळलेल्यांची बेडी फिरत्यांच्या पायांत. पण १९९७ सालीं लिथियम व व्हॅनेडियम यांच्या एका ऑक्साइडांत तसेंच वजन आढळलें, आणि तेथें सिरियमसारखा खिळलेला निराळा वर्ग उघड दिसत नाहीं! व्हॅनेडियमचे अणु चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर बसलेले असल्यानें त्यांच्या चुंबकत्वाची घडी नीट बसत नाहीं. कारण तेथें असावें असें कित्येक मानतात. एकमत अद्याप नाहीं.

इलेक्ट्रॉनचें स्वतःचें वस्तुमान यांत तिळभरही वाढत नाहीं; वाढतें तें शेजाऱ्यांचें ओझें. सिद्धान्ताची हद्द कोठें संपते हें ज्याला सांगितलें नाहीं, त्याला तो अर्धाच शिकविला. आणि अर्धें शिकवून वेतन मात्र पुरें घ्यावें, हें आमच्या मनाला रुचत नाहीं.