दिसलं हो!

खोक्यावर लाल अक्षरांत छापलेल्या ‘५२५ पट’ या आकड्याने मला फसवलं, असं मी म्हणणार नाही. मी फसायला तयारच होतो. चित्रकलेच्या मास्तराचं आणि गणिताचं वाकडं असतं हा समज माझ्यापुरता तरी खरा आहे. मॅट्रिकला गणितात काठावर पास झालो, पुढे चित्रकला-शिक्षकाचा कोर्स केला आणि सुटलो. कादंबऱ्या लिहितो, त्यांतही पात्रांची वयं मागच्या प्रकरणाशी जुळत नाहीत, अशी वाचकांची पत्रं येतात. तेव्हा २०२४ च्या दिवाळीत सणाची उचल हातात पडली आणि धाकटीने दुर्बिणीचा हट्ट धरला, तेव्हा मी भिंग पाहिलं नाही, नळी पाहिली नाही. आकडा पाहिला आणि पैसे मोजले.

भाऊबीजेच्या रात्री दहाच्या सुमाराला गुरू पूर्वेला चांगला वर आला. सगळं घर गच्चीवर जमलं. आईसुद्धा आली. तिचे गुडघे दुखतात. वर येईपर्यंत ती दोनदा पायरीवर टेकली. पण मुलाने घरात दुर्बीण आणली आहे आणि आपण ती पाहिली नाही, हे तिला कसं चालावं? खोक्यात डोळा लावायची दोन आयपीसं होती, एक २० मिलिमीटरचं आणि एक ४ चं. पाठ्यपुस्तकात याला नेत्रिका म्हणतात. मी अर्थातच मोठ्या शक्तीचं म्हणून ४ चं लावलं, धडपडत गुरू नळीत पकडला आणि आईला पुढे बसवलं.

तिने चष्मा सावरला, डोळा लावला, मान इकडे केली, तिकडे केली.

“दिसला का गं?”

“दिसलं हो!”

“काय दिसलं?”

“गुरूच ना तो? देव दिसला म्हणायचं!” असं म्हणून तिने हात जोडले.

मागोमाग धाकटीने पाहिलं. तिलाही दिसलं. आमच्या सौभाग्यवतींनाही दिसलं. मग मी डोळा लावला. आत मिट्ट काळोख होता. पृथ्वी फिरते हे मी शाळेत शिकलो होतो, पण ती इतक्या घाईने फिरते हे मला त्या रात्री कळलं. एवढ्या मोठ्या शक्तीला आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो आणि पाऊण मिनिटाच्या आत ग्रह त्यातून निघून जातो. म्हणजे धाकटीने आणि सौभाग्यवतींनी पाहिला तो नुसता काळोख. आणि आईने? तिचा चष्मा त्या मोहरीएवढ्या काचेवर टेकून खडखडत होता, तो आवाज मला आठवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुर्बिणीचे पैसे गेले याचं दुःख थोडं होतंच. पण ‘दिसलं हो’ हे शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे वाटत होते, आणि पहाटे आठवलं ते कुठे. बावीस वर्षं मी फळ्यापुढे उभा राहून विचारतो आहे, “समजलं का?” आणि बावीस वर्षं पन्नास गळे एका सुरात सांगत आहेत, “समजलं, सर!” त्यांतल्या किती जणांनी माझ्या समाधानासाठी काळोखाला हात जोडले असतील?

आमच्या गावात एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. सारं गाव त्यांना नाना म्हणतं. तरुणपणी पुण्यात नोकरीला असताना त्यांना आकाशाचा नाद लागला. १९४४ साली स्थापन झालेल्या तिथल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचं नाव ते आपल्या शाळेचं घ्यावं तशा अभिमानाने घेतात. मी खोकं उचलून त्यांच्याकडे गेलो.

“मास्तर,” सगळं ऐकून नाना म्हणाले, “तुम्ही दुर्बीण घेतलीत, तिचा डोळा घ्यायचा राहिला.”

मग त्यांनी माझ्याकडून भागाकार करून घेतला. नळीचं नाभीय अंतर ७०० मिलिमीटर. त्याला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचं. ७०० भागिले ४, म्हणजे १७५ पट. खोक्यात प्लॅस्टिकचं एक बार्लो होतं, ते शक्ती तिप्पट करतं, झाले ५२५.

“म्हणजे आकडा खरा आहे!” मी म्हणालो.

“आकडा खराच असतो. तुमचं पुढचं भिंग केवढं? ७० मिलिमीटर. मिलिमीटरमागे फार तर दोन पट, म्हणजे १४०. भिंगात येतो तेवढाच उजेड. तो किती पातळ करणार? पावशेर दुधात घागरभर पाणी घातलं, तर घागर भरेल, पण त्याला दूध कोण म्हणेल? अहो, १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र पाहिले, ते सुमारे २० पटीच्या नळीने!”

मला गॅलिलिओच्या सव्वीस पट जास्त दिसायला हवं होतं!

नवं आयपीस घ्यायचं ठरलं. तेव्हा कळलं की या एवढ्याशा वस्तूत केवढा इतिहास भरला आहे. माझ्या खोक्यातली होती ती सतराव्या शतकातल्या हायगेन्सच्या पद्धतीची, दोन साध्या काचांची. १८४९ मध्ये केल्नरने त्यात तिसरी काच आणली. १८६० मध्ये व्हिएन्नाच्या प्लॉस्लने चार काचा दोन जोड्यांत चिकटवल्या, आणि आजही बेताच्या खिशाला परवडणारं चांगलं आयपीस म्हणजे प्लॉस्लच. सुदैवाने माझ्या दुर्बिणीची खोबण सव्वा इंची निघाली. बाजारातली बहुतेक आयपीसं त्याच मापाची असतात.

मी ६ मिलिमीटरचं प्लॉस्ल घेणार होतो. ११७ पट! मर्यादेच्या आतच की! नानांनी विचारलं, “कोण पाहणार?”

“आई.”

“चष्मा काढून चालेल त्यांना?”

नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल, तर चष्मा काढून दुर्बिणीची चकती फिरवली की भागतं. पण आईला सिलिंडरचा नंबर आहे. तो चकतीने सुटत नाही, चष्मा हवाच. आणि प्लॉस्लमध्ये डोळा काचेपासून किती लांब ठेवता येतो, तर नाभीय अंतराच्या साधारण पाऊणपट. ६ च्या आयपीसला जेमतेम साडेचार मिलिमीटर. तिथे पापणीही घासते. २५ च्याला सतरा-अठरा, म्हणजे चष्म्यासकट माणूस सुखाने पाहू शकतो. २५ चं देतं २८ पट. त्याला दुप्पट करणारं चांगल्या काचेचं बार्लो लावलं की ५६ पट, आणि डोळ्याची जागा मुळीच कमी होत नाही.

त्याच सुमाराला माझ्या एका कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीचे पैसे आले. ते किती होते हे सांगितलं तर प्रकाशक रागावतील. एक आयपीस आणि एक बार्लो त्यात बसलं, एवढंच सांगतो.

२०२५ च्या जानेवारीत गुरू रात्री नऊला जवळजवळ डोक्यावर असे. मी आईला स्टुलावर बसवलं. २८ पटीवर आधी गुरू दाखवला, मग बार्लो लावलं. तिने चष्म्यासकट डोळा नेला आणि गप्प झाली. हात जोडले नाहीत, ‘दिसलं’ म्हणाली नाही. मी घाबरून विचारलं, “काय झालं?”

“थांब रे जरा,” ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “ते ठिपके चार आहेत. तिघे एका बाजूला, आणि तो एकटाच पलीकडे का रे?”

दुसऱ्या रात्री ती न बोलावता गच्चीवर आली आणि पाहता पाहता म्हणाली, “काल तो इथे नव्हता. जागा बदलली त्याने.”

खाली उतरताना मी तिचा हात धरला होता. मी विचारलं, “भाऊबीजेला काय दिसलं होतं गं?”

“काळोख,” ती सहज म्हणाली. “पण तू एवढा खर्च केला होतास.”

ते ४ मिलिमीटरचं आयपीस मी टाकलं नाही. शाळेच्या कोटाच्या खिशात असतं. वर्गात ‘समजलं, सर!’ असा एका सुरात गजर झाला की माझा हात त्याच्यावर जातो. मग मी खडू खाली ठेवतो, शेवटच्या बाकावर जाऊन बसतो आणि तिथून फळा कसा दिसतो ते पाहतो. परवा तिथल्या एका मुलाने मला हळूच विचारलं, “सर, लांब गेलं की रस्ता अरुंद का होतो?” तीन तास मी तेच शिकवत होतो!