आधी वही, मग माऊस

देवळाली कॅम्पातून अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. वडनेर गेटवरून पाथर्डी फाटा गाठायचा, की पुढे अंबड. तिथल्या एका टूलरूममध्ये मी क्वालिटीत आहे. मशीनवरून उतरलेला जॉब व्हर्नियर आणि हाइट गेज लावून ड्रॉइंगशी ताडून पाहायचा, हे माझं काम. ते ड्रॉइंग ज्या खोलीत तयार होतं तिथे आपल्यालाही बसता यावं, असं फार दिवस मनात होतं. त्यासाठी सॉलिडवर्क्स हे मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर यायला हवं. क्लासच्या वेळा शिफ्टशी जुळेनात, म्हणून शाम टिक्कू यांचं जाडजूड पुस्तक आणलं. शिफ्ट संपल्यावर एका संगणकावर थोडा वेळ बसायची परवानगी मालकांनी दिली. घरी मात्र फक्त पुस्तक होतं.

या विभागणीतूनच माझी शिकण्याची रीत ठरली. पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणात आधी आज्ञांची माहिती, मग पायरीपायरीने करून दाखवलेली उदाहरणं आणि शेवटी नुसत्या मापांच्या आकृत्या असतात. त्या शेवटच्या आकृत्यांना पायऱ्या दिलेल्या नसतात. रात्री जेवणं झाली की त्यातली एक घ्यायची आणि वहीत क्रम लिहायचा: पहिलं स्केच कोणत्या प्रतलावर, त्याला जाडी किती, भोक कधी पाडायचं, कडा गोल कधी करायच्या. दुसऱ्या दिवशी संगणकासमोर बसताना विचार झालेला असे, उरे ते फक्त करणं.

शेजारचे काका लष्करी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. हयातभर ड्रॉइंग बोर्ड आणि मिनी ड्राफ्टरवर काम केलेलं. त्यांना सॉफ्टवेअर ठाऊक नाही, पण माझी वही ते आवडीने बघत. एका फ्लँजच्या आकृतीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही चार भोकं तू चार वेळा काढणार का गं?"

"नाही काका, एकच काढायचं आणि भोकांच्या वर्तुळावर, पीसीडीवर, फिरवायचं."

"मग त्या एकाचं माप कुठून धरलंस ते आधी सांग."

त्या प्रश्नात सगळं सॉलिड मॉडेलिंग आलं. 1982 मध्ये आलेल्या ऑटोकॅडने कागदावरची रेघ पडद्यावर आणली. त्याच दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअरने वेगळी वाट धरली: माप बदललं की आकार आपोआप बदलेल अशी. 1995 मध्ये सॉलिडवर्क्सने तीच पद्धत विंडोजच्या पीसीवर आणली. यात आपण घनवस्तू तर काढतोच, पण ती कशी घडली याचा क्रमही नोंदवत जातो. पडद्याच्या डाव्या बाजूला ती नोंद झाडासारखी उतरत जाते. एखादं भोक चुकीच्या कडेवरून मोजलं असेल, तर पुढे लांबी बदलल्यावर ते भलतीकडेच सरकतं.

म्हणून स्केचच्या रंगांकडे मी फार लक्ष देते. रेघ निळी असेल तर तिची जागा अजून पक्की नाही, ती माऊसने ओढली तर हलते. पुरेशी मापं आणि संबंध दिले की ती काळी होते. बरेच जण निळ्या रेघांवरच पुढे जातात, कारण दिसायला आकार बरोबर असतो. क्वालिटीत काम केलेल्याला हे चालत नाही. ज्याचं माप लिहिलेलं नाही ते तपासणार कशाशी?

दुसरी गोष्ट दृश्यांच्या मांडणीची. आपल्याकडे डिप्लोमात एन. डी. भट यांच्या पुस्तकावरून फर्स्ट अँगल शिकवतात: वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं. अमेरिकी पद्धत थर्ड अँगलची, तिथे तेच दृश्य वर येतं. दोन्ही बाजू सारख्या नसलेल्या जॉबमध्ये ही गल्लत झाली तर आरशातला जॉब तयार होतो आणि मटेरियल भंगारात जातं. म्हणून कोणतीही आकृती घेतली की आधी कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं चिन्ह शोधायचं, मग मापं वाचायची.

मॉडेल बरोबर आहे की नाही हे पाहण्याचा माझा आवडता मार्ग वजनाचा. 100 बाय 60 ची 10 मिलिमीटर जाड प्लेट घ्या, मध्ये 20 व्यासाचं आरपार भोक. प्लेटचं घनफळ 60 घन सेंटीमीटर, भोकाचं साधारण 3.14. सॉलिडवर्क्समधल्या साध्या कार्बन स्टीलची घनता 7.8 धरली तर वजन सुमारे 443.5 ग्रॅम यायला हवं. हे आधी वहीत काढायचं, मग सॉफ्टवेअरला विचारायचं. दोन आकडे जुळले की मॉडेलवर भरवसा बसतो. पडद्यावरचं चित्र सुंदर दिसतं म्हणून बसलेल्या भरवशाला टूलरूममध्ये किंमत नाही.

व्हिडिओ पाहून लवकर शिकता येतं, असं तरुण मुलं सांगतात. बटण कुठे आहे हे त्यातून नक्कीच चटकन कळतं. पण व्हिडिओत माप दुसऱ्याने वाचलेलं असतं, क्रम दुसऱ्याने ठरवलेला असतो. पुस्तकातली आकृती तुम्ही वाचेपर्यंत तशीच पडून राहते. माझं पुस्तक जुन्या आवृत्तीचं, त्यामुळे काही चिन्हं संगणकावर वेगळ्या जागी सापडत. त्याने फरक पडला नाही, कारण मला काय हवंय हे माहीत असे. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या मुलांना मी हेच सांगते: करून दाखवलेली उदाहरणं एकदा करा, पण प्रकरणाच्या शेवटच्या आकृत्या एकही सोडू नका.

आमच्या तपासणीला लागणारं एक फिक्स्चर हल्लीच मी मॉडेल केलं. मशीनवर जायच्या आधीच ग्राहकाने फ्लँजचा पीसीडी बदलला. मी एक माप बदललं, पिनांची सगळी भोकं आपापल्या जागी गेली आणि दुपारपर्यंत नवं ड्रॉइंग मशीनवर पोहोचलं. काकांना ते दाखवलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा शंकूचं चिन्ह पाहिलं, मग मापं वाचली आणि म्हणाले, "आता असेंब्लीचं प्रकरण उघड."