तळाचा रंग

गेल्या वर्षी तीन महिने मुलाकडे फिनिक्सला होते. वाळवंटातलं शहर ते, उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. मुलाने मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव खोदायला घेतला होता. मी पोहोचले तेव्हा आतला गिलावा तेवढा राहिला होता आणि घरात एकच विषय, रंग कोणता?

कंत्राटदाराने नमुन्याचे तुकडे दिले होते. पांढरा, आकाशी, करडा आणि जवळजवळ काळा. मुलगा बादलीत एकेक तुकडा बुडवून बघत होता. सूनबाई म्हणाली, "बादलीत काय कळणार?" खरंच होतं तिचं. पाणी लाल प्रकाश थोडा थोडा शोषून घेतं, म्हणून पाच-सहा फूट खोलीवर पांढऱ्या तळाचं पाणीही निळसर दिसतं. मी बी.ए.वाली, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. हे मला त्या दिवशी कळलं!

मुलाचं मन काळ्यावर बसलं होतं. त्यात आभाळ उतरतं, डोंगरातल्या तळ्यासारखं दिसतं. मी म्हटलं, "पांढरा घे."

"आई, फारच साधा दिसेल गं."

मग मी त्याला आमच्या विहिरीचं सांगितलं. १९६१ साली माझा धाकटा भाऊ त्या विहिरीत गेला, हे त्याला ठाऊक होतं. नातेवाइकांनाही आहे. पण तेवढंच. वैशाख होता, पाणी जेमतेम छातीभर. विहीर काळ्या दगडातली. मी अकरा वर्षांची. काठावरून हाका मारल्या, वाकून पाहिलं. पाण्यात फक्त आभाळ दिसलं. इथे नाही म्हणून मी शेताकडे धावले. तो तिथेच होता, माझ्या पायांखाली.

मुलगा काही बोलला नाही. हातातला तुकडा पुसत राहिला.

तलाव पांढराच झाला. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सार्वजनिक तलावांना फिकट तळ सक्तीचा असतो, हे नंतर त्यानेच मला सांगितलं. अर्थात नुसत्या रंगाने कोणी वाचत नाही. चारी बाजूंनी कुंपण हवं, आपोआप मिटणारं फाटक हवं आणि काठावर लक्ष ठेवणारं माणूस हवं. नात चार वर्षांची आहे. ती आई-बाबांबरोबर पाण्यात उतरली की मी खुर्ची टाकून बसायची. हातात ना पुस्तक, ना फोन.

परवा सूनबाई फोनवर म्हणाली, "आई, पांढऱ्यावर पडलेलं पान न् पान दिसतं हो."

म्हटलं, "दिसू दे गं."