टॉवर बघू लागला तर?

पुणे

प्रिय सुधा,

तुझा प्रश्न अगदी तुझ्यासारखा: ‘फाइव्ह-जीनं काय कमी पडलं म्हणून आता सिक्स-जी?’ नुसत्या वेगासाठी असेल, तर मीही तुझ्याच बाजूची. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये आयटीयूनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं, सिक्स-जीची जी रूपरेषा मंजूर केली, तिच्यात एक कलम वेगळं आहे. संदेशवहन आणि सेन्सिंग एकाच जाळ्यातून. म्हणजे टॉवर बोलणार, आणि बोलता बोलता बघणारही.

आधी ठिकाण शोधण्याचं सांगते. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. वेगवेगळ्या टॉवरांच्या लहरी फोनपाशी किती मागेपुढे पोचल्या ते मोजलं, की जागा सापडते. गोम आहे ती घड्याळांत. फाइव्ह-जीतलं टॉवरचं घड्याळ प्रमाणवेळेपासून दीड मायक्रोसेकंद इकडेतिकडे असलं तरी बोलण्याचं काम बिनबोभाट चालतं. पण तेवढ्या वेळात लहर साडेचारशे मीटर जाते! तुळशीबागेत बांगड्या बघणारी बाई भलत्याच पेठेत दिसायची. म्हणून २०२० च्या मानकांत जाण्यायेण्याचा वेळ मोजायची पद्धतही आली. टॉवरनं हाक मारायची, फोननं ओ द्यायची. दोन्ही फेऱ्या धरल्या की घड्याळांतला फरक आपसूक कटतो. सिक्स-जीसाठी संशोधकांपुढचं लक्ष्य १ ते १० सेंटिमीटरचं आहे.

इमारतीत वेगळाच वैताग. लहर सरळ येत नाही, भिंतीवर, कपाटावर आपटून वळसा घेत येते आणि फोन आहे त्याहून लांब असल्याचं सांगते. या परावर्तनांच्या नावानं इंजिनिअर वर्षानुवर्षं बोटं मोडत आले. सेन्सिंगवाल्यांना नेमकी तीच हवीत, कारण लहर कशावर आपटली याची खबर त्यांतच असते.

कल्पना जुनीच आहे, बरं का. २६ फेब्रुवारी १९३५ ला इंग्लंडात डॅव्हेन्ट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि अर्नोल्ड विल्किन्स या शास्त्रज्ञांनी बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाच्या टप्प्यातून एक बॉम्बफेकी विमान न्यायला लावलं आणि त्याच्यावरून परतलेल्या लहरी यंत्रावर टिपल्या. ब्रिटिश रडारचा श्रीगणेशा झाला तो असा, रेडिओ कार्यक्रम पोचवणाऱ्या लहरींवर.

आणि तुमच्या नेदरलँड्सचं काम तर माझं सर्वांत लाडकं. मोबाइल टॉवर एकमेकांशी सूक्ष्मलहरींनी जोडलेले असतात आणि पावसात त्या लहरी क्षीण होतात. किती क्षीण झाल्या, याच्या नोंदी कंपनीकडे पडूनच होत्या. तिथल्या संशोधकांनी सुमारे २४०० दुव्यांच्या नोंदींवरून अख्ख्या देशाचे पर्जन्यनकाशे काढले आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. नवं यंत्र एकही बसवलं नाही! आपल्या सह्याद्रीत, जिथे एका दरीत कोसळतो आणि पलीकडच्या दरीत टिपूस नसतो, तिथे असं काही झालं तर मी सिक्स-जीला सगळे गुन्हे माफ करीन.

सगळे नाही, एक सोडून. त्याच २०१३ मध्ये एमआयटीच्या दीना कताबी आणि फदेल अदीब यांनी वाय-फायच्या लहरींवरून भिंतीपलीकडची माणसाची हालचाल ओळखून दाखवली. त्या माणसाजवळ फोन असण्याची गरज नव्हती. आजवर फोन घरी ठेवून बाहेर पडलं की निदान टॉवरपासून सुटका होती. ही वाटही आता बंद होणार. टॉवरला चेहरा दिसेल असं मात्र समजू नकोस. १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकामागची दुसरी वस्तू दीड मीटरच्या आत असेल, तर त्याला दोन्ही मिळून एकच वाटते. पण कुणी घरात आहे की नाही, हे कळायला चेहरा कशाला लागतो?

सिक्स-जी २०३० च्या सुमारास येईल म्हणतात, आणि मानकं लिहिण्याचं काम आत्ताच चालू आहे. पाऊस मोजा, विमानतळाजवळ घुसलेलं ड्रोन पकडा, माझी ना नाही. घरात डोकावायचं तर आधी विचारा, हे मात्र मानकातच हवं. ‘नंतर कायदा करू’ म्हणणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. आइंडहोव्हनच्या रेडिओवाल्यांत तुझी ऊठबस आहे, तर त्यांना एवढं विचार: सेन्सिंगच्या नोंदी किती दिवस ठेवणार आणि कुणाकुणाला देणार? काय म्हणतात ते लगेच कळव.

तुझी,
माधवी