एका पातेल्याचा स्वयंपाक

दिवेलागणीनंतरचा एक तास आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. कचेरीतून, दुकानातून किंवा शेतावरून आपण नुकतेच घरी परतलेलो असतो. मुलांचा गृहपाठ, उद्याच्या डब्यांची तयारी आणि रात्रीचे जेवण ही तिन्ही कामे एकाच वेळी समोर उभी असतात आणि अभ्यासाची पुस्तिका कपाटातच राहते. मी स्वतः संसार व नोकरी सांभाळून बाहेरून बी. ए. केले. त्या वर्षांत मला व्याकरण जड गेले नाही, काव्यशास्त्रही गेले नाही. जड गेला तो हा तास. म्हणून आज आपल्याशी मी एका पदार्थाविषयी बोलणार आहे. सॉसेज आणि चीज घालून एकाच पातेल्यात शिजवलेला पास्ता, हा तो पदार्थ. तो रांधायला अर्धा-पाऊण तास पुरतो आणि मागे घासायला एकच पातेले उरते.

कृती आधी सांगते, कारण पुढील सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे. चार माणसांसाठी २५० ग्रॅम सुका पास्ता, पाच-सहा सॉसेज, एक मोठा कांदा, पाच-सहा लसूणपाकळ्या, तीन पिकलेले टोमॅटो आणि ६० ते ७० ग्रॅम किसलेले चीज घ्यावे. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेल तापवून सॉसेजच्या चकत्या तांबूस होईपर्यंत परताव्यात. त्यांचा थोडा अंश बुडाला चिकटतो. निम्मी चव तेथेच असते. त्यावर चिरलेला कांदा व लसूण घालावा आणि कांदा पारदर्शक झाला की टोमॅटो घालावेत. टोमॅटोला पाणी सुटले की उलथन्याने बूड मोकळे करावे, म्हणजे ती चव रसात उतरते. मग कोरडाच पास्ता आणि सुमारे ७०० मिलिलिटर गरम पाणी घालावे. पास्ता जेमतेम बुडेल एवढेच पाणी हवे. मीठ हात राखून घालावे, कारण सॉसेज आणि चीज दोन्ही मुळातच खारट असतात. झाकण किंचित कलते ठेवून मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटे शिजू द्यावे आणि दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळावे, नाही तर पास्ता बुडाला लागतो. दाताखाली किंचित घट्टपणा जाणवेल इतपत तो शिजला आणि तळाशी थोडा रस उरला की गॅस बंद करावा. मिनिटभर थांबून चीज दोन वेळा विभागून घालावे, वर मिरपूड भुरभुरावी आणि तीन मिनिटे झाकून ठेवावे.

यात पाणी ओतून देण्याची पायरी कोठेच आली नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. इटलीतील रूढ रीत याहून निराळी आहे. तेथे १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असे प्रमाण सांगतात. पास्ता शिजला की पाणी ओतून देतात आणि दुसऱ्या भांड्यात तयार असलेल्या सॉसमध्ये तो मिसळतात. मात्र जाणते स्वयंपाकी त्यातील वाटीभर पाणी राखून ठेवतात आणि सॉसमध्ये घालतात. पास्त्यातील थोडा स्टार्च त्या पाण्यात उतरलेला असतो. गव्हातील स्टार्चचे कण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतात आणि त्यामुळे रस दाट होतो. दाट रसात तेल वर तरंगत नाही, पाणी खाली राहत नाही. चीज फार तापले तर त्यातील प्रथिने आकसून त्यांच्या गुठळ्या होतात आणि स्निग्धांश वेगळा सुटतो. आच बंद करून ते या दाट रसात घातले, तर सरसकट विरघळते. एका पातेल्याच्या रीतीत हा सगळा स्टार्च पातेल्यातच राहतो. मराठी स्वयंपाकघराने या घटनेला फार पूर्वीच नाव दिलेले आहे. आमटीत डाळ एकीकडे आणि पाणी एकीकडे राहिले नाही, की आपण म्हणतो, आमटी छान मिळून आली.

पास्ता इतका वेळ पाण्यात राहूनही त्याचा लगदा का होत नाही, याचे उत्तर त्याच्या गव्हात आहे. सुका पास्ता ड्युरम नावाच्या कठीण दाण्याच्या गव्हाच्या रव्यापासून करतात. या गव्हात प्रथिनांचे प्रमाण अधिक असते आणि त्यांच्या जाळ्यामुळे शिजतानाही आकार टिकून राहतो. आपल्याकडे बन्सी म्हणून ओळखला जाणारा गहू याच जातीचा. तेव्हा परदेशी वाटणारा हा जिन्नस आपल्या रव्याच्या डब्यापासून फार दूर नाही.

पदार्थ सोपा आहे म्हणून तो कमअस्सल, असेही मानू नये. अमेरिकेतील ‘मार्था स्टुअर्ट लिव्हिंग’ या नियतकालिकाने २०१३ साली एकाच भांड्यात शिजणाऱ्या पास्त्याची कृती छापली आणि ती जगभर पोहोचली. परंतु कडधान्याच्या रश्श्यातच पास्ता शिजवण्याची चाल इटलीच्या कष्टकरी घरांत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. ‘पास्ता ए फाजोली’ म्हणजे पास्ता आणि घेवड्याच्या दाण्यांचा असाच एक दाट, पोटभरीचा पदार्थ. आपण मांसाहार करीत नसाल तर सॉसेजऐवजी उकडलेला राजमा घाला. ती तडजोड नसून त्या जुन्या रीतीकडे परत जाणे होईल. गोव्यातील वाचकांच्या हाताशी तर चोरीस आहेच. डुकराचे मांस व्हिनेगर, लाल मिरच्या आणि लसूण यांत मुरवून, आतड्यात भरून, वाळवून केलेल्या या सॉसेजच्या माळा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात टांगलेल्या दिसतात. नाव पोर्तुगिजांकडून आलेले, तिखट मात्र आपले. चोरिसाचा पुलाव हा एका भांड्याचाच पदार्थ. त्यात चोरिसाला सुटलेल्या चरबीतच कांदा आणि तांदूळ परततात. पास्त्यात चोरीस वापरले तर वेगळे तेल नको आणि मीठही चव घेऊनच घालावे.

आमच्या सासूबाई सांगलीकडच्या. कोंबडीच्या सॉसेजला त्यांची ना नव्हती. पण रात्रीच्या जेवणात पोळी नाही, ही गोष्ट त्यांना पटणारी नव्हती. मी पहिल्यांदा हा पास्ता वाढला तेव्हा त्यांनी चमच्याने तो दोनदा हलवून पाहिला, एक घास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, ह्या तर आमच्या चकोल्याच की! वरणाच्या जागी टोमॅटो घातलास, एवढंच.” कणकेच्या लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापून उकळत्या वरणात सोडतात, त्या या चकोल्या; कोठे त्यांना वरणफळे म्हणतात. कणकेतील स्टार्चने वरण दाट होते आणि तेथेही सगळे मिळून येते. मग त्या बोलत राहिल्या. शेतातून यायला उशीर झाला, सरपण ओले असले, की चकोल्या करायच्या, कारण एकच चूल पेटवावी लागे. शेवटी त्या म्हणाल्या, “पण पाहुणा आला ना, की पातेलं झाकून आत सरकवायचं. बाईनं आज स्वयंपाकच केला नाही, असं वाटलं असतं त्याला.”

हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. चार माणसांचे पोट भरणारा, चवीचा आणि ऊन पदार्थ तयार असताना तो लपवावा का लागावा? आपल्या मनात जेवणाचे एक चित्र ठसलेले आहे. त्यात ताटाला डावी आणि उजवी बाजू असते. चटणी, कोशिंबीर, भाजी, आमटी, पोळी, भात हे सारे आपापल्या जागी असते. ते ताट सुंदर आहे यात शंका नाही. परंतु ते रोज मांडण्यासाठी कोणाचा तरी वेळ लागतो आणि तो कोणाचा, हे आकड्यांतही नोंदले गेले आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार देशातील ८१.२ टक्के स्त्रिया दररोज विनामोबदला घरकाम करीत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषाचा ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. अभ्यासाला वेळ मिळत नाही असे सांगणारी विद्यार्थिनी सबब सांगत नसते.

आमच्या घरी आठवड्यातून दोन रात्री हा पास्ता किंवा चकोल्या होऊ लागल्या. प्रत्येक वेळी माझी सुमारे ४५ मिनिटे वाचत. आठवड्याला दीड तास, म्हणजे ४० आठवड्यांत ६० तास. माझ्या दोन विषयांचा बराचसा अभ्यास या ६० तासांत झाला. मात्र एक सावधगिरी मला बाळगावी लागली. वाचलेला वेळ घरात मोकळा दिसला की त्याला लगेच दुसरे काम चिकटते. कोणीतरी कपड्यांच्या घड्या आठवण करून देते, कोणीतरी बटण तुटलेला शर्ट पुढे करते. म्हणून त्या वेळाला नाव द्यावे आणि ते घरात मोठ्याने सांगावे: हा माझ्या अभ्यासाचा वेळ आहे. दुसरा लाभ मला नंतर उमगला. कृती इतकी सरळ की ती घरातील कोणालाही शिकता येते. माझे यजमान दोन वेळा शेजारी उभे राहिले आणि तिसऱ्या वेळी त्यांनी ती एकट्याने केली. आपण पुरुष विद्यार्थी असाल तर हा निबंध आपल्यासाठीही आहे. आपल्या घरात दुसरे कोणी शिकत असेल, तर तो मुख्यतः आपल्यासाठीच आहे, असे समजावे.

पहिल्यांदा कराल तेव्हा पाणी मोजून घाला आणि चीज घालण्याची घाई करू नका. पाहुणा आलाच तर पातेले झाकू नका, त्याला वाढा. जेवणे झाली की पातेल्यात पाणी घालून ते भिजत ठेवा. कडेला लागलेले चीज सुटायला अर्धा तास लागतोच. तेवढ्या वेळात पुस्तिकेची आठ-दहा पाने वाचून होतात.