एकाच वावरातली दोन पिकं

वालूर सोडलं तेव्हा कापसापासून सुटलो, असंच वाटलं होतं. सेलू तालुक्यातलं आमचं वावर काळ्या मातीचं. खरिपात कापूस, रब्बीत ज्वारी. वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलून निघायची. शिकून औषधांच्या प्रयोगशाळेत लागलो आणि मनाशी पक्कं धरलं, की शेतातला माल ओबडधोबड; बारकावा माणसानं घडवलेल्या वस्तूतच. हे मत मी कितीतरी वर्षं बाळगलं. ते चुकीचं होतं.

माझं काम कायरल कॉलमवर. काही औषधांचे रेणू जोडीनं येतात, डाव्या-उजव्या हातासारखे. वजन सारखं, वितळणबिंदू सारखा. पण शरीराला फरक कळतो. प्रोप्रॅनोलॉल या औषधात हृदयाचे ठोके आवरायचं काम मुख्यतः एकच रूप करतं. अशी जोडी 25 सेंटीमीटरच्या पोलादी नळीतून, म्हणजे कॉलममधून, सोडली, की एक आधी बाहेर येतो, दुसरा मागून. पडद्यावर दोन टोकदार शिखरं, म्हणजे पीक, उमटतात. नळीत काय भरलंय, हे मी कधी विचारलंच नाही.

एका रात्रपाळीत यंत्रात आधीच्या कामाचं टेट्राहायड्रोफ्युरान हे द्रावक राहिलं होतं. धुऊन न घेता मी कॉलम जोडला. सकाळी दोन पीकच्या जागी एकच पसरट उंचवटा. महागडा कॉलम माझ्या हातून गेला. कारण लिहून द्यायचं होतं, म्हणून वाचायला बसलो. आत सिलिकाचे बारीक कण, त्यांवर पॉलिमरचा लेप, आणि तो लेप सेल्युलोजपासून केलेला. द्रावकानं तोच ओढून नेला होता. सेल्युलोज म्हणजे सरकी काढल्यावर उरणाऱ्या रुईत नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं तेच.

नुसत्या सेल्युलोजला डाव्या-उजव्याची ही निवड नीट जमत नाही. जपानच्या योशिओ ओकामोतोंनी 1980 च्या दशकात त्याला फिनाइलकार्बामेटचे गट जोडले. आमच्या गावच्या चक्राकार बारवेच्या पायऱ्या फिरत खाली उतरतात, तशी ही साखळी वळत जाते. तिच्या खाचेत एक रूप जास्त घट्ट बसतं आणि मागे रेंगाळतं. पण डावं-उजवं ओळखायचा मूळ गुण ओकामोतोंनी घातलेला नाही. तो झाडाच्या ग्लुकोजमध्ये आधीच होता. त्यांनी 1979 मध्ये एकाच बाजूला वळणारं पूर्ण कृत्रिम पॉलिमरही केलं होतं. मला वाटलं, निदान हे तरी माणसाचं. पण त्याला वळण लावायला वापरलेलं स्पार्टेइन वनस्पतीतच सापडणारं!

आणि ज्वारी? तिच्या पिठातल्या स्टार्चमध्ये अमायलोज असतं. ग्लुकोज तेच, फक्त जोडणी वेगळी. त्यालाही तेच गट जोडून कॉलम करतात. सेल्युलोजच्या कॉलमवर न सुटणारी जोडी कधी अमायलोजवर सुटते. कधी तर आधी येणारा मागे पडतो. आमच्या कपाटात हे दोन्ही शेजारी ठेवलेले असतात. मी रोज त्यांना हात लावत होतो.

दिवाळीत गावी गेलो. ओट्यावर बसून रुईचा पेळू बोटांनी ओढत होतो. वडिलांनी विचारलं, "काय बघायलास रे?"

"आण्णा, याला डावं-उजवं कळतं."

मग सगळं सांगितलं. ज्वारीपाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. म्हणाले, "थांब. हे पुन्हा सांग."