विसरलेली मूर्च्छना

पारशिवनीच्या पूर्वेस रामटेकचा गड आहे, आणि मेघदूतातला रामगिरी तो हाच हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ज्या चिकाटीने प्रतिपादिले ती ध्यानात घेता, आमच्या तालुक्याने कालिदासावर थोडासा शेजारहक्क सांगितला तर कोणी हरकत घेऊ नये. त्या काव्याच्या उत्तरभागात विरहिणी यक्षपत्नी मांडीवर वीणा घेऊन पतीच्या नावाचे पद गाऊ पाहते, आसवांनी भिजलेली तार कशीबशी पुसून घेते, आणि स्वतःच बांधलेली मूर्च्छना पुनःपुन्हा विसरते. टीकाकारांना या विसरण्यात विरहव्यथेची परिसीमा दिसते, आणि ती तेथे आहेच. परंतु ज्याने एखादे तंतुवाद्य थोडे दिवस का होईना मांडीवर वागवले आहे, त्याच्या मनात येते की काल हातात बसलेली गोष्ट आज हातातून निसटलेली असणे हा अपघात नसून या वाद्यांचा नित्याचा कारभारच आहे, आणि त्यासाठी नवरा अलकेपासून दूर असण्याचीही गरज नाही.

हल्ली हा कारभार आमच्याकडे बहुधा गिटारीवर चालतो. नागपूरहून काळ्या खोळीत घालून एस.टी.ने आणलेली गिटार तालुक्याच्या गावाला आता नवलाची उरलेली नाही. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी अली अकबर खाँसाहेबांच्या तालमीत हे परदेशी वाद्य मांडीवर आडवे घेऊन रागसंगीताच्या दरबारी रुजू केले, आणि १९६७ साली शिवकुमार शर्मांचे संतूर व हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या संगतीने ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ते वाजवले, तेव्हापासून त्याच्या नागरिकत्वाविषयी शंका घेण्याचे कारण राहिले नाही. आमच्या मुलांना मात्र हवी असते ती उराशी धरून, पडद्यांवर बोटे दाबून वाजवण्याची गिटार. ती मोठ्या हौसेने घरात येते, आणि पुष्कळ घरांतून काही महिन्यांतच खुंटीवर जाते.

दोष सहसा बोटांच्या माथी मारला जातो. पोलादी तार आरंभी बोटांच्या टोकांना खरोखरच कापते. पुढे तेथे घट्टे पडतात आणि ती तक्रार निकालात निघते. हवामानाचाही जाच आहे. वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की लाकूड सुकते, आषाढात ते फुगते, आणि सकाळी लावलेल्या सहा तारा तिन्हीसांजेला एकमेकींशी फटकून वागतात. मोबाइलवरचा हिरवा काटा त्यांचा समेट क्षणात घडवून आणतो हे कबूल. तरीही सहाव्या तारेच्या पाचव्या पडद्यावर निघणारा स्वर मोकळ्या पाचव्या तारेशी जुळवीत, तिसऱ्या तारेच्या वेळी तेवढा चौथा पडदा धरावयाचा हे ध्यानात ठेवीत, जो मुलगा रोज आपल्या कानाने तारा लावतो त्याची निम्मी तालीम वाजवण्यापूर्वीच झालेली असते, असे माझे मत आहे.

पण बोटे आणि हवामान दोन्ही सोसवतात. सोसवत नाही तो स्वतःचा आवाज. शिकाऊ माणसाचा कान त्याच्या हाताच्या पुष्कळ पुढे असतो. उत्तमोत्तम वादन त्याने वर्षानुवर्षे ऐकलेले असते, म्हणून आपण किती वाईट वाजवतो हे त्याच्याइतके नेमके दुसऱ्या कोणास कळत नाही. आणि त्यात आमच्या गावातली घरे एकमेकांना इतकी लागून की त्याच्या बेसूरपणाला खाजगीपणाची सवलतही मिळत नाही. अंगणातून जाता जाता शेजारची काकू विचारते, “काहून रे बाप्पा, आजही तेच?” तिच्या मनात काही नसते. तरी त्या प्रश्नासरशी कित्येकांनी दार लावून घेतले आहे, आणि दाराआड गिटारही मिटली आहे. जो मान वर न करता “हो काकू, आजही तेच” म्हणून तोच तुकडा पुन्हा धरतो, त्याच्यावर मी पैज लावीन. बुद्धी, लांब बोटे, महागडे वाद्य या गोष्टी मागाहून विचारात घ्याव्यात.

आता ‘तेच’ म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे, कारण नुसत्या हजेरीने काम होत नाही. गाणे प्रत्येक वेळी आरंभापासून धरायचे, ठरलेल्या जागी अडखळायचे आणि पुन्हा आरंभाला यायचे, अशी बहुतेकांची वहिवाट असते. परिणामी मुखडा गुळगुळीत होतो आणि अंतरा जन्मभर कच्चा राहतो. खरी अडचण बहुधा दोन कॉर्डच्या सांध्यात असते. ‘सी’ येतो, ‘एफ’, म्हणजे पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबण्याचा तो कुप्रसिद्ध आकार, तोही कण्हत कुंथत येतो, येत नाही ते एकातून दुसऱ्यात जाणे. तेव्हा गाणे बाजूला ठेवून तेवढा सांधाच ठाय लयीत, चुकीला शिरकाव करण्यास जागा मिळू नये इतक्या सावकाश घटवावा लागतो. कारण बोटे भोळी असतात, आणि दहा वेळा चुकीचे वाजवले तर चूकही ती इमानाने पाठ करतात. मन दुसरीकडे जाऊ लागले की वाद्य खाली ठेवावे, हेही तितकेच महत्त्वाचे. बर्लिनच्या व्हायोलिनवादक विद्यार्थ्यांचा जो अभ्यास अँडर्स एरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला, त्यातले सरस विद्यार्थी एकाग्रतेने, मध्ये विसावा घेत रियाज करणारे होते, आणि दुपारी झोपही अधिक घेत. वैदर्भीय वामकुक्षीला इतकी भारदस्त सनद यापूर्वी मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

अडचण प्रत्येकाची निराळी असते. जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत निकामी झाली, आणि उरलेल्या दोहोंवर त्याने आपले वादन नव्याने उभे केले. आपल्याकडे अल्लादिया खाँसाहेबांचा दाखला त्याहून जवळचा आहे: आमलेटा संस्थानात अतोनात गावे लागल्याने त्यांचा आवाज गेला, तो परत आला तो पूर्वीचा नव्हता, आणि जो आला त्याला मानवेल अशी गायकी त्यांनी सायासाने घडवली. पुढे कोल्हापुरास त्यांच्यापाशी शिष्यवर्ग जमला तो त्या गायकीसाठी. गेलेल्या गळ्याचा शोक त्यांनी केला नसेल असे नाही, पण हिशेब त्यांनी हाती उरलेल्याचाच मांडला.

एकांतातल्या या रियाजात मात्र एक खोड अंगी जडते, ती म्हणजे चुकले की थांबणे. ती मोडावयास चारचौघांत बसावे लागते, आणि त्यासाठी नागपूरच्या रंगमंचाची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने भारलेल्या या मुलुखात भजनी मंडळे थोडी नाहीत. पेटीवाले बुवा “काळी एक” म्हणाले की मुलाने कॅपो पहिल्या पडद्यावर चढवावा आणि ‘सी’चे ओळखीचे आकार धरावेत, स्वर आपोआप त्यांच्या पट्टीत उतरतात. मग ‘एफ’ हुकला तरी टाळ थांबत नाहीत, बुवाही मागे वळून पाहत नाहीत. घरी शंभरदा थांबून दुरुस्त केलेली जागा येथे हातची गेली तर जाऊ द्यायची, तारांवर हात हलका ठेवून मात्रा मोजायच्या, आणि पुढच्या समेला सगळ्यांबरोबर यायचे.